आलूचा कीस, सुकडी आणि पाकीट : वाळलेल्या अन्नाची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. इतिहासाच्या व्याख्यानात बटाट्याचे फ्लेक्स कुठून आले? राजे नाहीत, लढाया नाहीत. पण आपण अन्नाचा इतिहास बोलतो तेव्हा बहुतेक वेळा पिकतं काय आणि शिजतं काय एवढंच बोलतो. या दोन्हींच्या मध्ये एक काम असतं, ते म्हणजे टिकवणं. ते काम कोणी केलं, कोणाच्या अंगणात झालं, हा आजचा प्रश्न आहे.

सुरुवात नायगावपासून करू. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. वैशाखातल्या एका दुपारी आम्ही तिथल्या एका घरी बसलो होतो. गच्चीवर कुरडया, पापड्या आणि पांढरा कीस वाळत घातलेला. घरातल्या मुलीनं हैदराबादच्या दुकानातून एक पाकीट आणलं होतं, झटपट बटाट्याचे फ्लेक्स. गरम पाणी ओता, ढवळा, झालं. घरातल्या आजींनी चिमूटभर हातावर घेऊन चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर आलूचा कीसच हाय की. नुसता बारीक केलाय."

आम्हाला आधी ते वाक्य गमतीचं वाटलं. मग विचार करता करता कळलं, की आजी नव्वद टक्के बरोबर आहेत. उरलेल्या दहा टक्क्यांत मात्र बराच इतिहास आहे.

आधी शब्द पाहा. आजी 'आलू' म्हणाल्या, 'बटाटा' नाही. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून, समुद्रमार्गे आला. पोर्तुगीज 'बताता'च्या मागे कॅरिबियन बेटांवरचा रताळ्याचा शब्द आहे. आणि 'आलू' हा आपल्याकडे कंदांसाठी जुनाच शब्द, तो उत्तरेत आणि दख्खनी उर्दूत या नव्या कंदाला चिकटला. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे कोकण-पुण्याकडे बटाटा, आणि इकडे नांदेडकडे अजूनही कानावर येतो तो आलू. भाजी एकच, पण नाव सांगतं की ती कोणाच्या रस्त्यानं आपल्या दारी आली.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथले शेतकरी काही हजार वर्षांपासून तो पिकवतात. आणि बरं का, बटाटा वाळवण्याची युक्तीही तिथलीच. रात्री कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर ठेवायचे, ते गोठतात. दिवसा ते सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, मग उन्हात सुकवायचे. याला म्हणतात 'चुन्यो'. नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. ज्या घरात चुन्यो आहे, ते घर एका वाईट हंगामानं उपाशी मरत नाही.

पण १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पॅनिश अंमलाखाली हजारो माणसं सक्तीनं खाणीत उतरवली गेली, आणि त्यांचं पोट भरायला हाच चुन्यो खाणींकडे जाऊ लागला. म्हणजे काय झालं? जे अन्न शेतकऱ्यानं स्वतःच्या वाईट दिवसांसाठी साठवलं होतं, तेच दुसऱ्याच्या कामावर राबणाऱ्याचं रेशन झालं. कोरड्या अन्नाला हे दोन चेहरे आहेत. एक घरातल्या मडक्यातला, दुसरा बाहेरून आलेल्या पोत्यातला. आजच्या बोलण्यात हे दोन्ही लक्षात ठेवू.

आता पाकिटातले फ्लेक्स. युद्धकाळात सैन्यासाठी वाळवलेला बटाटा तयार होत होताच, पण पाणी घातलं की त्याची चव आणि पोत बिघडायचा, बऱ्याचदा चिकट लगदा व्हायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात यावर उत्तर निघालं. बटाट्याच्या चकत्या आधी साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धवट शिजवायच्या, मग गार करायच्या, त्यानंतर वाफेवर पूर्ण शिजवून कुस्करायच्या. तो लगदा वाफेनं तापवलेल्या मोठ्या फिरत्या पिंपावर पातळ थरात लावायचा. काही सेकंदांत तो कागदासारखा सुकतो, खरवडून काढला की फ्लेक्स.

मधलं ते 'गार करणं' महत्त्वाचं आहे. अर्धवट शिजवून गार केलं की बटाट्यातलं पिष्ट पेशीच्या आत घट्ट बसतं. मग कुस्करताना पेशी फुटल्या तरी ते बाहेर सांडून सगळं चिकट होत नाही.

आता गच्चीवर या. कीस करणारी कोणतीही बाई तुम्हाला सांगेल : आलू पूर्ण शिजवू नका, अर्धेकच्चे ठेवा. गार होऊ द्या, मग किसा. नाहीतर किसणीला गोळा होतो. कोणी तुरटीच्या पाण्यातून काढतं, म्हणजे कीस काळा पडत नाही. मग कडक उन्हात पातळ पसरायचा. फिलाडेल्फियात ज्याला पेटंट मिळालं, त्यातली अर्धी गोष्ट आमच्या आजींना हातानं ठाऊक होती. फरक एवढाच, की कीस तळून फुलवायचा असतो आणि फ्लेक्स पाण्यात विरघळवायचे. म्हणून कीस जाड ठेवतात आणि फ्लेक्स पातळ.

एक साधा हिशेब करा. बटाट्यात पाच भागांतले चार भाग पाणी असतं. म्हणजे १ किलो बटाटे घेतले, तर सालं जाऊन हातात येणार २०० ग्रॅमपेक्षाही कमी. नायगावकडची काळी जमीन ज्वारीची, कापसाची, सोयाबीनची. बटाटा इथे बहुतेक बाहेरून येतो. स्वस्त झाला की पोतं आणायचं आणि चार दिवसांत त्याचं वर्षाचं वाळवण करायचं, हे घरच्या बाईचं अर्थशास्त्र होतं.

आता दुसरा चेहरा, पोत्यातला. १९७२. त्या सालाचं नाव काढलं की आपल्याकडे म्हातारी माणसं अजून थोडी गप्प होतात. लागोपाठ पाऊस हुकलेला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, हे आपण जाणतोच. पण कामावरच्या बाईला विचारलं तर ती कायद्याआधी दोन शब्द सांगते : सुकडी आणि मिलो.

सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड, कोरडा खाऊ. रांधायला नको, चूल नको, खडीच्या ढिगाऱ्यावर बसून खाता येतो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लालसर ज्वारी. नाव ज्वारीचं, पण आपल्या ज्वारीची चव नाही की लवचिकपणा नाही. भाकरी थापायला घेतली की चिरायची.

मग बायांनी काय केलं? जे अशा पिठाला करतात तेच. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली, मग मळलं. कुठे कण्या शिजवल्या, कुठे आंबवून धिरडी घातली, कुठे घरातली उरलीसुरली चांगली ज्वारी मूठभर मिसळली. उकड काढणं म्हणजे काय? पिठातलं पिष्ट आधी शिजवून घेणं, म्हणजे ते गोंदासारखं धरून ठेवतं. तुमच्या लक्षात आलं असेल, फ्लेक्स म्हणजेही आधीच शिजवलेलं पिष्टच. शास्त्र एकच. पण एकीकडे त्याचं पेटंट झालं, आणि दुसरीकडे 'बायांची पद्धत' म्हणून ते कुठल्याही दप्तरात नोंदलं गेलं नाही. किती टन धान्य आलं याची नोंद सरकारी कागदांत असते. ते खाण्याजोगं कोणी केलं, याची नसते.

हा प्रश्न १९७२ लाच संपला असं समजू नका. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाड्या आल्या. पुढे महाराष्ट्रात लहान मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी शिरा, उपमा, सुकडी यांची तयार पिठं पाकिटातून घरी जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरू नयेत. म्हणजे वाद नुसता पोषणाच्या आकड्यांचा नव्हता. हे अन्न कोणाच्या हातचं, हाही वाद होता. कारण पाकिटावर प्रथिनं लिहिली म्हणून लेकरू ते खातंच असं नाही. लेकरानं तोंड फिरवलं तर ते पीठ ढोराच्या पुढ्यात जातं. आणि तिखट-मीठ, कांदा, कोथिंबीर घालून त्याच पिठाचे धपाटे थापले, तर तेच लेकरू मागून खातं.

म्हणून शेवटी स्वयंपाकघरात येऊ. आजींच्या घरी त्या दिवशी पाकिटाचं काय झालं, ते सांगतो.

सूनबाईंनी आधी पाकिटामागचं वाचलं. कांदा-लसणाची पूड असलेली पाकिटंही मिळतात, ती एकादशीला चालणार नाहीत. मीठ असेल तर वरून कमी घालायचं. मग मूठभर फ्लेक्स कोरडेच ज्वारीच्या पिठात मिसळून धपाटे केले. थापताना एकही चिरला नाही. दुसरी मूठ पातळ झालेल्या रश्शात, घट्टपणा आणायला. तिसऱ्या वाटीत गरम पाणी थोडं थोडं घालून घट्ट गोळा केला, मिरची-जिरं आणि शेंगदाण्याचा कूट घालून त्याच्या टिकिया भाजल्या. पाणी एकदम ओतायचं नाही, दोन मिनिटं थांबायचं, फ्लेक्स पाणी पितात. वड्याचं सारण मात्र त्याचं नको, असं आजींचं मत पडलं. त्यात आलूचे बारीक तुकडे दाताखाली यायला हवेत, आणि ते पाकिटात नसतात.

परदेशातल्या मराठी घरांतही असंच घडत आलंय. पॅनकेकच्या तयार पिठाचे गुलाबजाम झाले, तसेच बटाट्याच्या फ्लेक्सचे पराठे झाले. त्याला कोणी तडजोड म्हणेल. आम्ही त्याला १९७२ च्या उकडीचीच पुढची पायरी म्हणतो. परकं अन्न दारात आलं की त्याला आपल्या तव्यावर बसवून पाहायचं.

आणि परकं तरी किती दिवस परकं राहतं? उपासाचं ताट आठवा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, सगळी अमेरिका खंडातली. ताटात आपल्याकडची जुनी म्हणावी अशी भगर तेवढी. एके काळी हेही कोणीतरी हातावर चोळून, वास घेऊन पाहिलं असेल.

निघताना आजींनी आम्हाला कीसाची पुरचुंडी बांधून दिली. पाकिटाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "चांगलं हाय. पण उद्या दुकान बंद झालं तर?" हा प्रश्न पाकिटाला चुकीचं ठरवत नाही. गच्चीवरचं वाळवण कष्टाचं आहे, भर उन्हात बाईच्या कमरेवर पडणारं आहे, त्याचे गोडवे गाऊन ते कोणावर लादू नये. पण ती विद्या विसरली तर मडकं जातं आणि फक्त पोतं उरतं. तेव्हा घरी गेल्यावर एक करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, मिलोच्या भाकरी तुम्ही कशा केल्या? आणि सांगतील ते लिहून ठेवा, मापासकट. दप्तरात नसलेला इतिहास असाच जमवावा लागतो.