शिकलेले जमेस धरायचे कोणी?

१९७१ साली मी भुसावळला अकरावीची, म्हणजे त्या वेळच्या एस.एस.सी.ची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांची रेल्वेत झाशीला बदली झाली. तेथे ज्या इमारतीत मला प्रवेशासाठी नेण्यात आले, तिच्यावर 'इंटर कॉलेज' अशी पाटी होती. आवारात मात्र सहावी-सातवीची मुले गोट्या खेळत होती. प्रधानाचार्यांनी माझे प्रमाणपत्र पाहिले आणि शांतपणे सांगितले, "यह तो हाईस्कूल के बराबर है. ग्यारहवीं में बैठिए." उत्तर प्रदेशात हायस्कूल दहावीला संपत असे, महाराष्ट्रात अकरावीला. दोन्ही प्रमाणपत्रे समकक्ष ठरली आणि माझे एक वर्ष हिशेबातून गळाले. वडील म्हणाले, "जाऊ दे, पाया पक्का होईल." बीजगणिताची बरीचशी तीच प्रकरणे मी पुन्हा एकदा, या वेळी हिंदीतून सोडविली. वर्गातील सर्व मुले माझ्याहून वर्षाने लहान होती.

पाया पक्का झाला की नाही, हे सांगता येणार नाही. पण एक प्रश्न मात्र मनात पक्का बसला. विद्यार्थ्याने एखादी गोष्ट एकदा शिकल्यावर ती जमेस धरण्याचा अधिकार कोणाचा? शिकविणाऱ्याचा, परीक्षा घेणाऱ्याचा, की पुढे प्रवेश देणाऱ्याचा? या प्रश्नाशी एका मोठ्या देशाने कसा सामना केला, हे मला बऱ्याच वर्षांनी अमेरिकेच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना उमगले. आज तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत 'एपी' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. त्याचा उगम मात्र फारसा कोणी सांगत नाही.

त्याची सुरुवात युद्धाच्या सावटात झाली. १९५१ साली कोरियाचे युद्ध चालू होते आणि तरुणांना सक्तीने सैन्यात जावे लागत होते. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका शिक्षणनिधीने शिकागो, कोलंबिया, विस्कॉन्सिन आणि येल या चार विद्यापीठांना मदत देऊ केली. साडेसोळा वर्षांच्या आतील हुशार मुलांना, हायस्कूल पुरे होण्याची वाट न पाहता, थेट महाविद्यालयात घ्यावे आणि लष्करात जाण्यापूर्वी त्यांची दोन वर्षे पदरात पडावीत, अशी ती योजना होती. मुलांनी अभ्यास चांगला केला. परंतु हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना आपली उत्तम मुले अशी उचलून नेणे रुचणे शक्य नव्हते.

दुसरा मार्ग याच सुमारास निघाला. अँडोव्हर, एक्झीटर व लॉरेन्सव्हिल या तीन नामांकित शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल ही तीन विद्यापीठे यांच्या अध्यापकांनी एकत्र बसून १९५२ मध्ये एक अहवाल दिला. चांगल्या शाळेत जे शिकून झाले तेच विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकावे लागते आणि त्यात त्याचा वेळ व उत्साह दोन्ही जातात, हा त्या अहवालाचा गाभा. झाशीची माझी तक्रार तेथे माझ्या आधी दोन दशके कागदावर उतरली होती! त्याच काळात केनयन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकाराने बारा महाविद्यालये एकत्र आली. आपल्या पहिल्या वर्षाचा अभ्यास म्हणजे नेमके काय, हे त्यांनी विषयवार लिहून काढले आणि तो अभ्यास शाळेतच शिकविला तर आम्ही तो मान्य करू, असे आश्वासन दिले. मूल शाळेतच राहील आणि महाविद्यालयाचा अभ्यास त्याच्याकडे येईल, अशी ही उलटी योजना होती.

१९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने ही योजना हाती घेतली आणि मे १९५६ मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या नावाने परीक्षा झाल्या. १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थ्यांनी त्या दिल्या. २०२३ साली ही संख्या सुमारे २८ लाखांवर गेली होती. या वाढीचे रहस्य प्रशासकाने नीट पाहण्यासारखे आहे. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. दीर्घोत्तरे तपासायला महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. गुण १ ते ५ अशा साध्या श्रेणीत दिले जातात. शाळेची प्रतिष्ठा काय, इमारत कशी, याची चौकशी प्रवेश देणाऱ्याला करावी लागत नाही.

निदान तत्त्वतः तरी तसे होते. १९८२ साली या तत्त्वाची कसोटी लागली. पूर्व लॉस एंजलिसमधील गारफील्ड हायस्कूलमध्ये बहुतांश मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतील. बोलिव्हियातून आलेले त्यांचे गणिताचे शिक्षक हाइमे एस्कलान्ते यांच्या अठरा विद्यार्थ्यांनी कॅल्क्युलसची परीक्षा दिली आणि सर्व उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा उत्तरपत्रिकांतील साम्याचा संशय आला आणि पुन्हा परीक्षेस बसण्याचा पर्याय समोर आला. बारा जण बसले आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. पुढे १९८८ मध्ये यावर चित्रपटही निघाला. नियमानुसार संशय घेणे योग्य होते असे कोणी म्हणेल. परंतु अशाच गुणांची यादी अँडोव्हरहून आली असती तर हा संशय इतक्या सहज आला असता का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि आजही तो विचारावा असाच आहे. यंत्रणा विद्यार्थ्याचे ज्ञान मोजते तेव्हा नकळत त्याचा पत्ताही मोजते.

तिसरा मार्ग पैशाच्या अंगाने निघाला. १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने, गव्हर्नर रूडी पर्पिच यांच्या कारकिर्दीत, कायदा केला की अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात विषय घ्यावेत, ते दोन्हीकडे जमा व्हावेत आणि शुल्क राज्याने भरावे. त्यासाठी शाळेच्या अनुदानाचा काही भाग विद्यार्थ्यामागून महाविद्यालयाकडे जाई. अनुदान कापले जाताच शाळांचा विरोध सुरू झाला. पण त्यांतील अनेकांनी पुढे आपल्याच वर्गात वरच्या दर्जाचे विषय सुरू केले, हेही खरे. या पद्धतीला तेथे 'ड्युअल एनरोलमेंट' म्हणतात, आणि २०२२-२३ मध्ये देशभरात सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी तिचा लाभ घेतला. तिच्यात एका दिवसाच्या परीक्षेवर सारे अवलंबून नसते; वर्षभराचे काम मोजले जाते. परंतु एका महाविद्यालयाने दिलेले श्रेयांक दुसरे मानीलच असे नाही. एपीचेही तसेच. डार्टमाउथ महाविद्यालयाने २०१३ साली जाहीर केले की पुढील काळात एपीच्या गुणांवर पदवीसाठी श्रेयांक मिळणार नाहीत. परदेशस्थ मराठी पालकांना माझे एवढेच सांगणे की मुलाच्या माथी सहा-सहा एपी मारण्यापूर्वी, ज्या महाविद्यालयात त्याला जायचे आहे तेथील नियम वाचावा. जमा करणारा कोणीही असो, वटविणारा निराळा असतो.

आता आपल्याकडे येऊ. १८५७ च्या विद्यापीठांनी मॅट्रिकची परीक्षा आपल्या हाती ठेवली, म्हणजे शाळेची शेवटची पायरी विद्यापीठाच्या ताब्यात होती. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये सुचविले की शाळा व विद्यापीठ यांची सीमा मॅट्रिकला नको, इंटरमीजिएटला असावी. संयुक्त प्रांताने हे मनावर घेतले आणि १९२१ मध्ये हायस्कूल व इंटरमीजिएट शिक्षणाचे मंडळ स्थापन केले. झाशीच्या इमारतीवरील पाटीचा उगम हा! इतरत्र निराळे घडले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये १०+२+३ चा आराखडा मांडल्यानंतरही बारावीला महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेज, कर्नाटकात पीयूसी, दिल्लीत सीनियर सेकंडरी अशी नावे राहिली, आणि केरळात प्री-डिग्री नावाने ती दीर्घकाळ विद्यापीठांच्याच कक्षेत होती.

या नावांनी एका मुलीचे वर्ष खाल्ले आणि त्या कागदावर सही माझी होती. १९८० च्या दशकात मी शिक्षण खात्यात कनिष्ठ अधिकारी होतो. एका जवानाची मुलगी केरळात प्री-डिग्रीचे पहिले वर्ष करून वडिलांच्या बदलीबरोबर आमच्या राज्यात आली. तिला बारावीत प्रवेश हवा होता. लिपिकाने टिपणी लिहिली की पहिले वर्ष विद्यापीठाकडे झाले आहे, मंडळाकडे नव्हे. मी खाली लिहिले, 'नियमात बसत नाही'. वडील लष्करी शिस्तीने "ठीक है, साहब" म्हणाले आणि गेले. झाशीतील माझे प्रधानाचार्य मला आठवले, पण सही झाल्यानंतर. समकक्षता ठरविण्यासाठी दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहायला मला अर्धा तास लागला असता.

२०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'ची नियमावली काढली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळेचे वर्षही श्रेयांकांत मोजले आहे: १,२०० तासांचे ४० श्रेयांक. खाते उघडले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु अमेरिकेचा सत्तर वर्षांचा अनुभव सांगतो की खात्यात रक्कम दिसणे निराळे आणि ती वटणे निराळे. तेथे बारा महाविद्यालयांनी आधी आपला अभ्यास लिहून काढला, मान्यतेचा शब्द दिला आणि मग परीक्षा झाली. आपण क्रम उलटा ठेवला, तर शेवटी कोणत्या तरी टेबलावर कोणी तरी कनिष्ठ अधिकारी पुन्हा तेच तीन शब्द लिहील. तो शब्द लिहिण्याआधी त्याने दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिलेच पाहिजेत, आणि नकाराचे कारण विषयवार नोंदविले पाहिजे, एवढा एक नियम तरी या आराखड्यात असावा, असे मला वाटते.