पावती आणि लॉक

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्यासमोर ‘लॉक’ म्हटलं की त्याला दाराचं कुलूप आठवत नाही. आठवतो तो काडेपेटीएवढा ठोकळा: संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेला, दोन्ही बाजूंना स्क्रू, आणि त्याच्याच मागे प्रिंटरची केबल. ‘श्री-लिपी’सारखी मराठी अक्षरजुळणीची पॅकेजं अशा लॉकवर चालत; लॉक नसेल तर पॅकेज चालत नसे. खंडेनवमीचं हळदकुंकू मात्र कीबोर्डला आणि मॉनिटरला.

एका लग्नसराईत माझ्या लॉकची पिन वाकली. रीतसर पावती ड्रॉवरमध्ये होती. विक्रेता म्हणाला, “लॉक पाठवून द्या, तपासून बघू.” पत्रिकेसाठी खोळंबलेल्या वधूपित्याला काय सांगणार? शेजारच्या गल्लीत तेच पॅकेज लॉक फोडून बसवलेलं होतं आणि मजेत चालत होतं. पत्रिका तिथं जुळली.

सॉफ्टवेअरच्या नकला रोखणाऱ्या कुलपांवरच्या या पुस्तकाचा खरा विषय ती ड्रॉवरमधली पावती आहे. चोरांवर बरंच लिहून झालंय. पैसे मोजलेल्या माणसाला यंत्र ओळखतं कसं, याचा विचार कमी झाला. २००१च्या विंडोज एक्सपीनं संगणकाच्या सुट्या भागांवरून त्याची खूण बांधली. बरेच भाग बदलले की पुन्हा परवानगी मागा. दुरुस्त केलेलं यंत्र आणि चोरलेली प्रत एक्सपीला सारखीच दिसे. ऑगस्ट २००७मध्ये तर विंडोजच्या प्रती तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचीच चूक झाली आणि सुमारे १९ तास अस्सल प्रती नकली ठरत राहिल्या. अ‍ॅडोबी कंपनीनं सीएस२ या सॉफ्टवेअर-संचाला परवानगी देणारे जुने सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांसाठी विनापरवानगी चालणारी प्रत तिला स्वतःलाच द्यावी लागली.

नवख्या वाचकानं रेंगाळावं ते कायद्यापाशी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ रीतसर धारकाला संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देतं. २०१२मध्ये आलेलं कलम ६५अ कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. मग स्वतःच विकत घेतलेल्याचं लॉक फोडणारा कुठे बसतो? अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात हेतूची ही अट नाही. आपल्याकडे ती आहे, आणि मला ती शहाणपणाची वाटते.

लॉकवाल्यांना नुसत्या शिव्या घालायला मात्र हे पुस्तक उघडू नका. फाँटची फ्लॉपी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चहाच्या किमतीत फिरायची. मराठी अक्षरं घडवणाऱ्यांनी पोट कशावर भरायचं, हाही याच अभ्यासाचा प्रश्न आहे.

पुस्तकातल्या गणिताची भीती नको. पहिलं प्रकरण वाचण्याआधी एखाद्या जुन्या छापखान्यात जा. कोपऱ्यात विंडोज ९८चा, धूळ खाल्लेला संगणक असेल. भंगारात का दिला नाही विचारा. मालक तो भिंतीपासून पुढे ओढेल आणि मागचं लॉक दाखवेल. जुन्या फायली अजून त्याच्यावरच उघडतात.