दार्जिलिंगचे टाकीवाले इंजिन

बहुतेक वाफेच्या इंजिनांमागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा जोडलेला असे. टाकीवाले इंजिन मात्र आपली शिदोरी स्वतःच्याच अंगावर वागविते. या जातीचा व्हिक्टोरियाकालीन उत्तम नमुना म्हणून आम्ही दार्जिलिंगच्या 'बी' वर्गाकडे बोट दाखवू.

सिलिगुडी-दार्जिलिंग हा दोन फुटी मार्ग १८८१ मध्ये पुरा झाला. १८८९ मध्ये शार्प स्टुअर्ट कंपनीची ही इंजिने तेथे आली. चाके चारच, आणि चारही वाफेच्या जोराने फिरणारी. त्यामुळे इंजिनाचा सारा भार रूळ घट्ट धरण्याच्या कामी येतो. एक टाकी बॉयलरवर खोगिरासारखी, दुसरी खाली सांगाड्यात. पाण्याचे ओझेही असे उपयोगी पडते. अर्थात पाणी आटत जाते तशी पकडही सैल होते, आणि वाटेत वारंवार पाणी घ्यावे लागते.

घुम स्थानक २,२५८ मीटर उंचीवर. तेथवरच्या चढणीत पावसाने वा धुक्याने रूळ ओले झाले, की नुसत्या वजनाने भागत नसे. मग इंजिनाच्या अगदी पुढच्या फळीवर दोघे बसून हाताने रुळांवर वाळू सोडीत. तिसरा कोळशाच्या ढिगावर बसून ढेकळे फोडी. ड्रायव्हर आणि फायरमन निराळे. एवढ्याशा यंत्रापाठी पाच माणसे! युनेस्कोने १९९९ मध्ये या रेल्वेस जागतिक वारशाचा मान दिला. कौतुक इंजिनाचे झाले, त्या वाळूवाल्यांची नावे फारशी कोणी विचारली नाहीत, ही आम्हांस खटकणारी गोष्ट.

या वर्गाची एकंदर ३४ इंजिने झाली. त्यांतील तीन रेल्वेच्या स्वतःच्या तिंधारिया कारखान्यात घडली.