स्वमग्न मुलांना कायद्यात जागा कशी मिळाली?

मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे असे कळले की पालक विचारतात, "डॉक्टर, सरकारकडून काही मदत मिळेल का?"

१९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. स्वमग्नता त्यात नव्हती. पालक आणि संस्थांच्या पाठपुराव्यानंतर १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या कायद्याने यादी २१ प्रकारांची केली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा हक्क झाला.

पण अठरानंतर काय? प्रशिक्षण, काम, निवारा यांची सोय अजून अपुरी आहे. म्हणून आपल्या संभाजीनगरातल्या पालकांनो, यूडीआयडी कार्ड जरूर काढा. पण तेवढ्यावर थांबू नका. एकत्र येऊन मागत राहा. आजवरचे हक्कही मागूनच मिळाले आहेत.