एका तंबूपासून 4 लाख लोकांपर्यंत: घरभाड्यावरून पेटलेलं इस्रायलचं आंदोलन नेमकं काय होतं?

14 जुलै 2011. तेल अवीवमधल्या रॉथशिल्ड बुलेव्हार्ड या महागड्या रस्त्यावर डाफ्नी लीफ या 25 वर्षांच्या तरुणीने तंबू ठोकला. व्हिडिओ एडिटिंगचं काम करणाऱ्या डाफ्नीला भाड्याचं घर सोडावं लागलं होतं. दुसरं घर शोधायला गेली, तर भाडी आवाक्याबाहेर गेलेली. तिने फेसबुकवर इव्हेंट तयार केला आणि लोकांना तंबू घेऊन यायला सांगितलं.

लोक आले. आधी काही डझन, मग शेकडो. 3 सप्टेंबरच्या रात्री देशभरात 4 लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर होते. तेव्हा इस्रायलची लोकसंख्या 80 लाखांच्याही आत होती. म्हणजे साधारण दर 20 माणसांमागे एक जण मोर्चात होता.

सुरुवात पनीरपासून झाली होती

महिनाभर आधी, जून 2011 मध्ये, कॉटेज चीजवरून वाद पेटला होता. हे मऊ, दाणेदार पनीर इस्रायली घरांमध्ये रोजच्या नाश्त्याला लागतं. त्यावरचं सरकारी दरनियंत्रण 2006 मध्ये उठलं आणि भाव चढत गेले. फेसबुकवरून बहिष्काराची हाक दिली गेली, लाखभर लोक जोडले गेले आणि कंपन्यांना भाव कमी करावे लागले. एकत्र आलो तर फरक पडतो, हे लोकांना कळलं.

घरं इतकी महाग का झाली?

याची कारणं जुनी होती.

- जमीन: इस्रायलमधली सुमारे 93 टक्के जमीन सरकारी व्यवस्थेच्या ताब्यात आहे. ती बांधकामासाठी किती आणि कधी सोडायची, हे सरकार ठरवतं. त्यात परवानग्यांना वर्षानुवर्षं लागायची.
- व्याजदर: 2008 च्या जागतिक मंदीनंतर तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर 0.5 टक्क्यांपर्यंत खाली आणले. कर्ज स्वस्त झालं, पैसा घरांकडे वळला.
- भाडेकरूंचं संरक्षण: करार बहुतेक वेळा वर्षभराचे. नूतनीकरणाच्या वेळी भाडं किती वाढवावं यावर फारसं बंधन नव्हतं.
- सरकारी घरं: गरिबांसाठीची घरं विकली गेली, पण त्या प्रमाणात नवी बांधली नाहीत.

मागणी फक्त घराची होती का?

नाही. त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांचा संप सुरू होता. पाळणाघरांचा खर्च परवडत नाही म्हणून आईबाप बाबागाड्या घेऊन रस्त्यावर उतरले. नोकरी आहे, पगार आहे, तरी महिनाअखेर हात रिकामे, ही मध्यमवर्गाची तक्रार होती. ‘जनतेला सामाजिक न्याय हवाय’ ही घोषणा सगळ्यांना जोडणारी ठरली. तिच्या चालीवर त्याच वर्षी अरब देशांत घुमलेल्या घोषणांची छाप होती.

टीकाही झाली. हे तेल अवीवच्या सुखवस्तू तरुणांचं आंदोलन आहे, असं काही जण म्हणाले. पण शहराच्या दक्षिणेकडच्या हातिक्वासारख्या गरीब वस्तीत आणि याफामधल्या अरब नागरिकांनीही तंबू टाकले होते. आंदोलनाच्या नेत्यांनी पॅलेस्टिनी भूभागावरच्या ताब्याचा विषय मात्र बराचसा बाजूला ठेवला. तो काढला तर लोक फुटतील, हा त्यामागचा हिशोब होता. न्यायाची भाषा करायची आणि हाच प्रश्न टाळायचा, यावरही टीका झाली.

सरकारने काय केलं?

पंतप्रधान बिन्यामिन नेतान्याहू यांनी ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ मॅन्युएल ट्रायटेनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सप्टेंबरअखेर अहवाल आला. श्रीमंतांवर जास्त कर, संरक्षण खर्चात कपात, तीन वर्षांपासूनच्या मुलांना मोफत शिक्षण अशा शिफारशी त्यात होत्या.

मोफत बालशिक्षण 2012 च्या शैक्षणिक वर्षापासून सुरू झालं. बाजारावर मोजक्या उद्योगसमूहांची पकड सैल करण्यासाठी 2013 मध्ये कायदा झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आंदोलनातले स्टाव शाफिर आणि इत्सिक श्मुली मजूर पक्षाकडून खासदार झाले. मध्यमवर्गाचा प्रश्न घेऊन उतरलेला याईर लपिद यांचा नवा पक्ष 19 जागांसह दुसऱ्या क्रमांकावर गेला.

पण सगळ्यांपर्यंत दिलासा पोहोचला नाही. आंदोलनाच्या पहिल्या वर्षपूर्तीला तेल अवीवच्या मोर्चात कर्जाने पिचलेल्या एका माणसाने स्वतःला पेटवून घेतलं. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

मग घरं स्वस्त झाली का?

नाही. 2015 नंतर तरुण कुटुंबांना सोडतीतून सवलतीत घरं देण्याची योजना आली, तरी किमती चढ्याच राहिल्या. इथे एक पेच आहे. भाडेकरूला घरांच्या किमती उतरायला हव्या असतात, पण ज्याने आयुष्याची कमाई घरात घातली, त्याला नको असतात. आणि इस्रायलमध्ये बहुसंख्य कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. पनीराचा भाव उतरला तर गिऱ्हाईक खूश होतं, घराचा उतरला तर अर्ध्याहून जास्त मतदार नाराज होतात.

2021 मध्ये ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’च्या यादीत तेल अवीव जगातलं सर्वात महागडं शहर ठरलं. पुढच्याच वर्षी, जून 2022 मध्ये, रॉथशिल्ड बुलेव्हार्डवर पुन्हा तंबू लागले. कारण तेच होतं, घरभाडं.