थकीत घरभाडे आणि भाडेकरूचे संरक्षण (महाराष्ट्र)

घरभाडे थकल्यास महाराष्ट्रातील भाडेकरूला मिळणारे संरक्षण मुख्यत्वे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ मध्ये आहे. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला व मराठवाड्यातील १९५४ च्या हैदराबाद घरभाडे कायद्याच्या जागी आला.

कार्यपद्धती

भाडे थकल्यास घरमालकाला प्रथम लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. त्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने थकबाकी द.सा. १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, पुढील भाडे नियमित भरले व न्यायालयाने ठरवलेला दावाखर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर रिकामे करण्याचा हुकूमनामा होत नाही. भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडण्यास कलम २९ नुसार मनाई आहे.

मर्यादा

अधिनियम परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. इतरत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू असून त्याच्या कलम ११४ नुसार थकबाकी, व्याज व दावाखर्च भरणाऱ्या भाडेकरूला न्यायालय दिलासा देऊ शकते. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांना कलम १५ चे संरक्षण नाही.

विधी सहाय्य

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फर्दापूर येथील रहिवाशांना त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.