उंबरठ्याखालील अतिचंचलता
लक्ष न टिकणे, अतिचंचलता व उतावीळपणा मुलात दिसतो, पण एडीएचडीच्या (अवधान-अभाव व अतिचंचलता विकाराच्या) निदानाइतका भरत नाही, अशी अवस्था. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेनुसार निदानासाठी लक्ष न टिकण्याच्या किंवा अतिचंचलता-उतावीळपणाच्या ९ पैकी किमान ६ लक्षणे ६ महिने, घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसावी लागतात. ४-५ लक्षणांचे मूल या मोजणीतून निसटते. अडचण मात्र खरी असते. गणित येते, पण फळ्यावरच्या पाचपैकी तीनच उदाहरणे वहीत उतरतात; डबा वर्गातच राहतो. अशा मुलाला ‘आळशी’ ठरवणे अन्यायाचे आहे. पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. त्रास वाढल्यास बालरोगतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी.